माझा राहिलेला फॉर्म

सगळ्यांचे गोळा करण्याच्या गडबडीत माझाच भरायचा राहिला. आता भरते.

१. व्याख्यान कसं व्हावं? फळा / स्लाइड / दोन्ही

फळा. सुरुवातीला मॅडम खडूनं हृदय काढायच्या. एकेक झडप, एकेक नळी. त्यांचा हात थांबला की आमचे शंभर पेन थांबायचे. मग प्रोजेक्टर आला. आता त्या दिवे घालवून स्लाइड वाचतात. आम्ही ऐकतो, म्हणजे बसतो.

२. कारण?

कारण मॅडमनी विचारलं. "बाळा, तू वर्गाची सीआर. मला यावर शोधनिबंध लिहायचाय. नाव नको, रोल नंबर नको. मनातलं लिहा म्हणावं."

मी वर्गात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मागून आजोबा ओरडला, "नाते, नक्की ना? माझं एक वर्ष आधीच पाण्यात गेलंय!"

आजोबा म्हणजे नापास होऊन आमच्यात आलेला. सगळं कॉलेज त्याला याच नावानं ओळखतं. मला नात म्हणतो.

"माझ्या शब्दावर लिही," मी म्हटलं.

३. व्याख्यानात काय आवडत नाही?

त्यानं लिहिलं आणि हसत मला दाखवलं: 'मॅडम स्लाइड वाचून दाखवतात. वाचता मला गेल्या वर्षीही येत होतं.'

४. वगळते.

५. परीक्षेसाठी कोणती पद्धत उपयोगी पडली?

तोंडी परीक्षेत मॅडमनी आजोबासमोर हृदयाच्या आलेखाची पट्टी ठेवली. तो भाग अजून शिकवलेलाच नव्हता.

"वाचता येतं ना तुला? मग वाच."

तो नापास. तोंडीत नापास म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येत नाही.

बाहेर त्यानं मला गाठलं. "तू सांगितलंस?"

"आईशप्पथ नाही."

"मग त्यांना काय स्वप्न पडलं?"

६. शिक्षकांशी मोकळेपणानं बोलता येतं का?

मी मॅडमच्या खोलीत गेले. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर होता, शेजारी हजेरीपट.

"मॅडम, फॉर्मवर नाव नव्हतं."

"नव्हतंच. पण तू किती नीट लावून दिलास गं, बाळा! एक ते एकशे बारा. बाकीची मुलं नुसता ढीग आणून टाकतात."

जर्नल गोळा करते तसे मी फॉर्म गोळा केले होते. नंबर पुकारत, एकाखाली एक, कोपरे जुळवून. नापास झालेल्यांची नावं यादीत शेवटी असतात. त्याचा फॉर्म सगळ्यात खाली होता.

"सव्वीस वर्षं शिकवतेय मी," मॅडम म्हणाल्या. "मला असं कोण म्हणतं, ते कळायला नको?"

मग त्यांनी मला बिस्किटांचा डबा पुढे केला. मी एक घेतलंसुद्धा.

७. आणखी काही सांगायचंय?

जिन्यात आजोबाला सगळं सांगितलं. बिस्किटाचंही.

"म्हणजे तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "हाताला धरून नेऊन उभं केलंस."

"मला माहीत नव्हतं रे."

"तेच तर. माहीत असतं तर तुझ्याशी भांडता तरी आलं असतं."

हा फॉर्म डीनसरांना देणार आहे, खाली सही करून. त्याची तोंडी पुन्हा घ्या, इतकंच मागणं. इथवर लिहून झाल्यावर मी त्याला म्हटलं, तूही चल.

"तू जा," तो म्हणाला. "आणि माझं नाव घालू नकोस. माझं काय ते मी बघेन."

नाव तर वर घालून झालं होतं.