‘आलं’ म्हणजे पाणी

जर्दाळूंना बहर आला होता. डोंगरउतारावर फिकट गुलाबी उजेड सांडलेला, आणि पायथ्याशी दरखान शहर: छप्परहीन, काचहीन, तरी दारांच्या चौकटी धरून उभं. सकाळचं ऊन भिंतींच्या भगदाडांतून आत येई आणि रिकाम्या खोल्यांत अवघडलेल्या पाहुण्यासारखं बसे.

युद्धाचा पहिला घाव पाण्यावर पडला होता. पंपघर उडालं, टाकी कोसळली, भूगर्भातल्या वाहिन्या तुटल्या. मग तोफा थांबल्या आणि माणसं आली, नाना देशांची. एका देशाचा पंप, दुसऱ्याचे पाइप, तिसऱ्याचे रबरी वायसर. आणि मिरजेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले भास्करअण्णा केळुसकर. त्यांच्यासोबत एक लोखंडी सळई, टोकाला सागाची वाटी. सळई मातीत रोवायची, वाटीला कान लावायचा, आणि धरणीच्या पोटात पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं.

तेव्हा सारी गल्ली गप्प होई. स्फोटांनी बधिरलेलं ते शहर एका म्हाताऱ्याच्या कानासाठी श्वास रोखून धरी.

पाच आठवड्यांपूर्वी याच गल्लीत, उघड्या चराशेजारी, अण्णांचं हृदय थांबलं. अस्थी मिरजेला पोचल्या. सळई राहिली.

ती न्यायला त्यांची मुलगी वृंदा आली. दुसरं काहीच तिला नको होतं. त्या वाटीची कड अण्णांच्या कानाने झिजली होती. जगात त्यांचा तेवढाच आकार उरला होता.

गुलनारने शालीत गुंडाळलेली सळई तिच्या हाती दिली. गुलनार इथल्या पथकाची प्रमुख; पुण्यात चार वर्षं शिकलेली, मराठी मोडकी, पण धीट.

“पहिल्या नळाला धार लागली, तेव्हा ते ओरडले, आलं, आलं! मला वाटलं, चहात घालायला मागतात. पुण्यात मी तेवढंच आलं शिकले.”

“मग?”

“मग सगळ्या गल्लीला सांगितलं. सात घरांतून सुंठ आली. अण्णा म्हणाले, गुलनार, तू पास कशी झालीस?”

वृंदा हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. हसू ओठांवर आलं आणि डोळ्यांत ओलं झालं.

“आता इथे पाण्याला आलंच म्हणतात,” गुलनार म्हणाली. “टेकडीवरच्या बाळंतिणी रोज विचारतात, आज आलं येणार का?”

टेकडीवर सूतिकागृह होतं. तिकडे जाणारी शेवटची वाहिनी तेवढी चालू व्हायची राहिली होती. तीनदा पाणी सोडलं, तीनदा ते वाटेत हरवलं. गळती शोधणारी नवी यंत्रं कागदपत्रांसाठी सीमेवर अडकलेली. वर बाळांना न्हाऊ घालायलाही बादल्या डोक्यावरून चढत होत्या.

गुलनारने सळई मागितली नाही. ती फक्त टेकडीकडे पाहत राहिली.

वृंदाने सळईवरची शाल सोडली.

लहानपणी अण्णांनी तिला अंगणात ऐकायला शिकवलं होतं. “वाहतं पाणी गुणगुणतं, वृंदे. गळतं पाणी श्वास टाकतं.”

गुलनारने वाहिनीत पाणी सोडायला लावलं आणि हात वर केला. गल्ली गप्प झाली. वृंदाने वाटीला कान लावला, त्या झिजल्या कडेवर, जिथे अण्णांचा कान टेकत असे. आधी स्वतःचंच रक्त ऐकू आलं. दहा पावलं पुढे: माती, नुसती माती. आणखी दहा: काहीच नाही. मग जर्दाळूच्या झाडाखाली, खोल, अगदी खोल, कुणी तरी थकून टाकावा तसा एक लांब श्वास.

तिने बोट दाखवलं.

पाणी बंद केलं, फावडी चालली. मुळांनी उचकटलेला सांधा सापडला; नवा वायसर बसला; खाली व्हॉल्व्ह पुन्हा सावकाश फिरला. मग सगळ्यांनी वाट पाहिली, आणि ऊन हळूहळू टेकडी चढत गेलं.

वर सूतिकागृहाच्या खिडकीत एक ओली ओंजळ चमकली. एक परका आवाज, एका परक्या गळ्यातला मिरजेचा शब्द: आलं!

दारातून दारात, ओठांतून ओठांत, तो उतार उतरत आला. आलं, आलं. वृंदाने सळई गुलनारच्या हातात ठेवली आणि रिकामे हात गल्लीतल्या नळाच्या धारेखाली धरले.

बहर गळत होता. पाणी वाहत होतं. आणि अण्णांचा शब्द घराघरांत शिरत होता, गार, स्वच्छ, न थांबणारा.