सुकटीच्या डब्यातली बेगमी

गुलामचाचांची मालवणातली सुक्या मासळीची वखार बंद झाली, पण सवयी काही बंद झाल्या नाहीत. पावसाआधी घरात येऊन पडलं नाही ते आपलं नव्हे, असा त्यांचा खाक्या. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागल्यावर त्यांनी त्याचीही बेगमीच केली. रेझिस्टर, एलईडी, ट्रान्झिस्टर, बटणं, सगळं मूठमूठ मागवलं. याचं लोणचं घालायचंय का, असं बायकोनं, वजीरानं, विचारलं. हौस आहे गो, म्हणून चाचा हसले.

हौस कसली, थाप होती ती. मे महिन्यात लेक कैनात माहेरी आली, तेव्हा दार वाजवून तिचे हात दुखले आणि वजीरा आत दारापासून दोनच हातांवर तांदूळ निवडत बसलेली. मिक्सर चालू होता, असं तिनं ठोकून दिलं. मिक्सर बिघडून केव्हाचा माळ्यावर पडला होता. पण कानाचा विषय काढला की ती फणकारायची. तेव्हापासून चाचा बाहेरून आले की घराला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरायचे. दाराचं बटण दाबलं की आत दिवा लागावा, आणि तो तिच्यासाठी आहे हे तिला कळू नये, एवढाच त्यांचा बेत होता.

आता माल ठेवला कुठे, तर वखारीतल्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत. ज्या डब्यांनी वर्षानुवर्षं सुकट जपली, त्यांना हे चार दाणे जड होतात का? पण पत्र्याच्या सांध्यांत मीठ मुरलेलं, आणि पावसाळी हवेत मीठ पाणी ओढतं, हे मासळीवाल्याला कुणी सांगायचं! फोनवर बघून शिकता शिकता जुलै आला. डबे उघडले तर रेझिस्टरपासून एलईडीपर्यंत सगळ्यांचे तारेचे पाय हिरवेकाळे. सोल्डर धरेना, दिवा लागेना. वखारीला कुलूप घालतानाही चाचांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

 वजीरानं पापडांच्या काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या, तळाशी भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या टाकल्या आणि सुरीनं एकेक पाय खरवडायला बसली. चाचाही समोर बसले. वाचलं ते बरण्यांत गेलं, आणि त्यातलाच एक एलईडी शेवटी लागला, लालभडक.

शोभेला बाहेरच्या खोलीत लावतो, असं चाचांनी साळसूदपणे सांगितलं.

"चुलीकडे लावा," वजीरा म्हणाली. "मी थंयच आसतंय."

चाचा बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

"पुढला दार सोडून तुमी मागल्या दारान येतास. माका काय कळणा नाय?"

 चाचांनी वायर ओढली, दिवा चुलीजवळ लावला. मग भर पावसात घराबाहेर जाऊन पुढच्या दाराशी उभे राहिले आणि बटण दाबलं. 

आतून कडी वाजली. कितीतरी दिवसांनी वजीरानं त्यांना पुढचं दार उघडलं.