आक्कांचं पथ्य

कळंब्यातल्या समाजमंदिरात दर मंगळवारी दुपारी तीनला आरोग्याचा वर्ग भरू लागला, तेव्हा पहिल्या दिवशी सगळी गल्ली लोटली, कारण रक्तातली साखर फुकट तपासून मिळणार होती. दुसऱ्या मंगळवारी निम्म्या बायका गळाल्या. तिसऱ्याला उरल्या अकरा, आणि त्या अकराजणींत वही-पेन घेऊन बसलेली एकटी क्रांती होती.

शिकवायला एका संस्थेच्या शिवांजली मॅडम यायच्या. गडहिंग्लजकडच्या, मऊ बोलणाऱ्या. स्टीलचं ताट पुढं धरून त्या सांगायच्या, अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ नाहीतर उसळ, उरलेल्या पावात भाकरी आणि भात. साखरेच्या माणसानं काय खावं, किती चालावं, गोळी घेतल्यावर जेवण का चुकवू नये, हे सगळं क्रांतीनं शब्द न् शब्द उतरवून घेतलं.

"घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर वाट बघायची नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची. उशीर झाला तर माणूस हाताला लागत नाही."

क्रांतीनं त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तिच्या सासूची, आक्कांची साखर पहिल्याच दिवशी तीनशे दहा निघाली होती. आक्का अडुसष्ट वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, सगळ्या गल्लीला दटावणाऱ्या. क्रांती त्यांना आत्ती म्हणायची. आकडा ऐकून तिचा नवरा धैर्यशील घाबरला. तो दूध संघात कामाला होता, सकाळी सातला जायचा तो संध्याकाळीच यायचा.

"आता तू म्हणशील तसं," तो बायकोला म्हणाला. "आईचं खाणंपिणं तुझ्या हातात."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. हे वाक्य ती या घरात पहिल्यांदा ऐकत होती.

त्याच संध्याकाळी तिनं साखरेचा, गुळाचा आणि लाडवांचा डबा फळीवरनं काढून आपल्या कपाटात ठेवला. मॅडमनी दिलेला तक्ता ओट्यावर चिकटवला. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या.

"माझ्या घरात माझ्याच तोंडाला कुलूप लावतीस व्हय गं?"

"मी न्हाय, आत्ती. मॅडमनी सांगितलंय."

क्रांती चंदगडची. भातावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा आक्कांनी पहिल्याच आठवड्यात तांदळाच्या डब्याला कुलूप घातलं होतं. चंदगडची माणसं म्हणजे भाताची पोती, असं त्या आल्यागेल्याला हसून सांगायच्या. क्रांतीला दिवस गेले तरी दोन भाकऱ्या आणि पळीभर आमटी एवढंच ताटात यायचं. पोर मोठं झालं तर बाळंतीण अडते, असं आक्कांचं म्हणणं. आठव्या महिन्यात एकदा क्रांती पातेल्याच्या बुडाची खरवड बोटानं काढून खात होती. आक्कांनी शेजारणींना हाका मारून बोलावलं आणि तिला तशीच बसवून दाखवली. बायका हसल्या. पोर जन्मलं ते एक किलो सातशे ग्रॅमचं. चौथ्या दिवशी गेलं. डॉक्टरनं विचारलं, आईला खायला मिळत नव्हतं का? आक्का म्हणाल्या, तिलाच अन्न जात नव्हतं. धैर्यशील तेव्हाही कामावर होता. पुन्हा क्रांतीला मूल झालं नाही.

मॅडमनी आक्कांना वेळेला दीड भाकरी सांगितली होती. क्रांती अर्धी वाढायची. चार वाजता मूठभर फुटाणे नाहीतर पेरू द्यायचा होता. ते वहीत लिहिलेलं होतं, वाटीत कधी आलं नाही. साखर उतरवणारी सकाळची गोळी मात्र ती न चुकता हातावर ठेवायची आणि आक्का गिळेपर्यंत समोर उभी राहायची. आक्कांनी लेकाकडं तक्रार केली, तर क्रांतीनं संस्थेनं घरी दिलेलं साखर मोजायचं यंत्र पुढं केलं. तीनशे दहावरनं एकशे तीसवर आलेली.

"आई, उलट तिचे आभार मान की," धैर्यशील म्हणाला.

मग क्रांती मॅडमचं पत्रक घेऊन गल्लीत दारोदार फिरली. आक्कांना कुणी काही देऊ नका, पाय कापायची पाळी येईल, असं काकुळतीनं सांगून आली. पुढच्याच आठवड्यात शेजारी बारसं होतं. आक्कांनी हळूच एक पेढा उचलला, तशी प्रियदर्शनी नावाची शेजारीण सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आक्का, ठेवा तो. सूनबाईनं बजावलंय आमाला." पंचवीस बायका खळखळून हसल्या. आक्कांनी पेढा परत ताटात ठेवला आणि बोटं पदराला पुसली. क्रांती दारातनं बघत होती. त्या दिवशी घरी येऊन तिनं गाणं गुणगुणत भांडी घासली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आक्का भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. कपाळावर घाम डवरला होता. लुगडं पाठीला चिकटलं होतं.

"क्रांती, डोळ्यापुढं अंधारी आलीया. साखर दे जरा."

क्रांतीनं हात पुसले, यंत्र आणलं, बोटाला सुई टोचली. सेहेचाळीस. तिनं कपाट उघडलं, पेल्यात तीन चमचे साखर घातली, पाणी घालून नीट ढवळली. मग पेला ओट्यावर ठेवला आणि स्वतः पाट घेऊन आक्कांसमोर बसली.

"आत्ती, माझ्या लेकराचं वजन किती हुतं?"

"आं?"

"वजन किती हुतं?"

आक्कांची नजर पेल्यावर होती. हात थडथड उडत होते. "दे की गं. मला काय सुधरंना."

"एक किलो सातशे. म्हणा."

"एक किलो... सातशे."

"का मेलं ते?"

क्रांतीनं घाई केली नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. आक्कांनी ओट्याकडं सरकायचा प्रयत्न केला, पण तळवा घामानं फरशीवरनं घसरला.

"मी खायला दिलं न्हाय," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "मी दिलं न्हाय तुला. आता दे."

"परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. तिसऱ्या वेळी नुसते ओठ हलले, आणि आक्का कुशीवर कलंडल्या. तेव्हा क्रांती उठली. तिनं पुन्हा सुई टोचली, एकोणतीस. पेला तोंडाला लावला तर दातखीळ बसलेली, पाणी गालावरनं मानेत गेलं. तिनं कोरडी साखर ओठांच्या आत चोळली आणि दारात जाऊन मोठ्यानं हाका मारल्या. रिक्षा आली. दवाखान्यात सलाईन लागलं.

आक्का वाचल्या. पण उजवा हात धड उचलेना, आणि बोलताना मधेच शब्द हरवायचा. डॉक्टरांनी गोळी कमी केली, खाणं वाढवलं.

"घरात कुणाला तरी साखर द्यायचं कळलं, म्हणून निभावलं," ते धैर्यशीलला म्हणाले. त्यानं वॉर्डात सगळ्यांदेखत बायकोपुढं हात जोडले. आक्का छताकडं बघत पडून होत्या.

आठ दिवसांनी शिवांजली मॅडम घरी आल्या. रविवारी संस्थेचा मेळावा होता आणि आदर्श आरोग्यसखी म्हणून क्रांतीचा सत्कार ठरला होता. चार ओळी लिहायच्या म्हणून त्यांनी यंत्रातले जुने आकडे बघितले. यंत्र आकड्याबरोबर वेळही ठेवतं. त्या थांबल्या.

"क्रांतीताई, बारा वाजून पाच मिनिटांनी सेहेचाळीस आहे. नंतरचा आकडा बारा तेहेतीसचा. मधली अठ्ठावीस मिनिटं काय झालं?"

क्रांती आक्कांकडं बघत राहिली, भांडं उतू जाईल का हे बघावं तशी.

आक्कांचा डावा हात गोधडीवर चुळबुळला. "मीच," त्या म्हणाल्या. "मीच नगं म्हणत हुते. ती... ती बिचारी द्याला बघत हुती."

मॅडमनी आक्कांचं उतरलेलं तोंड बघितलं. तोंडातनं आवाज निघण्याआधी आक्का सुनेच्या डोळ्यांकडं बघतात, हेही बघितलं. फलक छापून आला होता. पाहुण्यांना निरोप गेले होते. सबंध तालुक्यात त्यांच्या कार्यक्रमाला दाखवण्यासारखं एवढं एकच घर मिळालं होतं.

"होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या आणि यंत्र डबीत घालून क्रांतीच्या हातात दिलं.

रविवारी समाजमंदिरात उभं राहायला जागा नव्हती. मॅडमनी स्वतः क्रांतीच्या खांद्यावर शाल घातली. शेवटी कुणीतरी आक्कांच्या खुर्चीपुढं माइक धरला. आक्कांनी क्रांतीकडं बघितलं. क्रांतीनं हलकेच मान हलवली.

"माझी सून," आक्का म्हणाल्या, आणि शब्द शोधत बराच वेळ थांबल्या. "मला लेकीपरास जपती."

टाळ्या वाजल्या. धैर्यशील डोळे पुसत होता. पुढच्या मंगळवारपासून पलीकडच्या गल्लीतला वर्ग क्रांती घेणार, असं मॅडमनी जाहीर केलं, आणि नाव द्यायला पुढं आलेल्या बायकांत सगळ्यात जास्त सुना होत्या.