रंगाची खात्री करणारा ठोकळा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या खणात मी राहतो. कसबा पेठेतल्या अनंतराव मास्तरांचे मूत्रपिंड काढावे लागले, तेव्हा त्यावरची निरोगी अधिवृक्क ग्रंथीही निघाली. त्यांनी सही करून ती लॅबला दिली. तीच माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, या ग्रंथीला वरची साल असते आणि आत गाभा. गाठ कशातून उठली, हे ओळखायला रसायने लावतात. त्यातले एक फक्त गाभ्याच्या पेशींना तपकिरी रंगवते. ते बिघडलेले नाही ना, हे कळावे म्हणून रुग्णाच्या गाठीच्या कागदाहून पातळ चकतीबरोबर माझीही तशीच चकती कापून रंगवायची, असा नियम आहे. शेकडो चकत्या देऊन मी निम्म्याहून कमी उरलो, पण कौतुकही खूप झाले.

२००६ साली कर्वेनगरच्या भाग्यश्रीच्या याच ग्रंथीतून काढलेली गाठ तपासायला आली. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. तिचा भाऊ आमोद याचे सोमवारी हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. गाभ्याची गाठ कधी कधी भावंडांतही असते. ती न कळता भूल दिली, तर रक्तदाब भडकून जीव जाऊ शकतो.

पेशींची ठेवण गाभ्यासारखी होती, पण चकतीला रंग चढला नव्हता. डॉक्टर श्यामलाबाईंनी माझी चकती मागितली. तंत्रज्ञ पोपटराव चाचरले. ठोकळा संपत आला होता, म्हणून महिनाभर त्यांनी मला हातच लावला नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, जपून ठेवलाय."

"छान. आणि पेशंटला कोण जपणार?" बाई म्हणाल्या.

मला कापले. रंगवले. माझा गाभाही कोराच राहिला. मला फार लाज वाटली, पण दोष रसायनाचा होता. नवी बाटली आली, तेव्हा आम्ही दोघेही तपकिरी झालो. बाईंनी लगेच आमोदच्या सर्जनना फोन लावला.

सोमवारचे ऑपरेशन थांबले. आमोदच्या पोटाचा स्कॅन झाला. त्याच्याही ग्रंथीत गाठ होती. आधी औषधे देऊन रक्तदाब आटोक्यात आणला, मग ती सुखरूप काढली.

त्या महिन्यातले सगळे रिपोर्ट पोपटरावांनी पुन्हा तपासायला काढले. त्यात माझ्या बऱ्याच चकत्या गेल्या. आता जेमतेम वीस उरल्या असतील. मित्रांनो, त्याही कापा. खणात शिल्लक राहून मला काय करायचे आहे?