सैल बटण

त्या दिवशी तिने रॅव्हनस हा शब्द एकदाचा हातावेगळा केला होता, त्यामुळे घरात शिरताना तिची मान जरा ताठच होती. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एखादा शब्द दोन-तीन दिवस खातो. या एकट्याने नऊ दिवस खाल्ले होते आणि वर ढेकरही दिला नव्हता.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर तिचा करडा कोट उलटा पसरलेला, अस्तराची कड उसवलेली, दातांत टाचणी. दुकान बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. पण शिंपी निवृत्त होतो तो गिऱ्हाइकांपुरता, त्याच्या बोटांना ते कुणी कळवत नाही.

“कोटाला काय झालं?”

“बटण सैल झालंय.” त्यांनी टाचणी काढून बाहीला टोचली. “तू सांग, आज काय कमावलंस, पंडितबाई?”

बटणासाठी कुणी अस्तर उसवत नाही, एवढं शिंप्याच्या मुलीला कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष गॅसवरच्या पातेल्याकडे होतं.

जेवताना ती बोलत होती आणि वाढून घेत होती. दोन्ही कामं तिला एकाच वेळी उत्तम जमत.

“रॅव्हनस म्हणजे वखवखलेला. अधाशी. ज्याला खा खा सुटलीय असा.”

“रॅव्हन म्हणजे डोमकावळा ना? त्याच्यावरूनच आला असणार. मेला कशावरही चोच मारतो.”

“सगळे तिथेच फसतात!” ती आनंदाने ओरडली. पहिले तीन दिवस तीही तिथेच फसली होती, पण ते तिने गिळलं. “कावळ्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द लॅटिन. रापिना, म्हणजे लूट. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आला, तिथून इंग्रजीत. आधी अर्थ होता लुटारू, ओरबाडून नेणारा. मग भक्ष्यावर झडप घालणारं जनावर. नुसती भूक सगळ्यात शेवटी आली.”

“म्हणजे आधी चोर, मग खादाड.”

“तसंच म्हणा.”

“मग चोरी कुठे गेली?”

“झिजली. अर्थ झिजतात, बाबा.”

बाबांनी बटाट्यांच्या पातेल्यात डाव घातला. तो तळाला वाजला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पावाचा तुकडा मोडला.

“की ज्याचं जात होतं, त्यानेच चोरी म्हणायचं सोडून दिलं?”

“याला पुरावा नाही,” ती म्हणाली आणि आपल्या ताटातला शेवटचा बटाटा तोंडात टाकला.

“बटाटे कसे झाले होते?”

“हं,” ती म्हणाली. तोवर तिने पुस्तक उघडलं होतं.

हे ‘हं’ तिचं ठरलेलं उत्तर होतं. बाबा जेवणानंतर विचारत, “कसं झालं होतं?” नवा कपडा तिच्या अंगावर चढवून विचारत, “कसं बसलंय?” पन्नास हजार शब्दांचे अर्थ रचणाऱ्या बाईकडे या दोन्ही प्रश्नांना मिळून एकच अक्षर होतं, आणि त्यावरही अनुस्वार.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत पुढच्या शब्दावर होती, तेव्हा शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतच होते. चहा अर्धा प्यायलेला होता. कोट दारामागच्या खुंटीला लावलेला होता, ब्रश मारून.

दुःखात माणसं वाळतात, असं तिने शंभर पुस्तकांत वाचलं होतं. ती फुगली. शेजारपाजारचे डबे येत आणि ती ते उभ्याउभ्या संपवी. धुऊन परत करण्याइतकी सभ्यता मात्र टिकून होती. भेटायला आलेली मावशी म्हणाली, “खात जा गं काहीतरी,” तेव्हा मावशीने आणलेली बिस्किटं आधीच संपली होती आणि पुडा तिने उशीखाली लपवला होता.

तीन महिन्यांनी थंडी आली. शब्दकोशाच्या आधीच्या खंडाचं प्रकाशन ठरलं. तिला बाबांनी शिवलेला कोटच घालून जायचं होतं. हा कोट म्हणजे तिचा अभिमान. बारा वर्षं तोच कोट, तेच माप. कचेरीत दुपारच्या सुट्टीत ती सगळ्यांना ऐकवायची, “वाचणाऱ्याच्या अंगाला लागत नाही.” आणि समोरच्याचा डबा पुढे ओढायची.

कोटाचं बटण लागेना. श्वास धरला, पोट आत घेतलं, आरशाला दोन शब्द सुनावले. काजं आणि बटणं एकमेकांकडे दुरून बघत राहिली.

गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई बसत. दीड माणूस मावेल एवढं दुकान, त्यातला एक त्या स्वतः.

“धुलाईत आटलाय,” ती म्हणाली.

“हो, थंडीत कपडे फार आटतात,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “काढा बघू, ताई.”

त्यांनी कोट उलटा केला, अस्तराची कड उसवली आणि बाजूची शिवण उजेडात धरली. मग चष्मा कपाळावरून खाली आणला.

“कुणी शिवलाय हा?”

“माझ्या वडिलांनी.”

“हात होता हो! केवढी माया ठेवलीय आत.” शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड त्यांनी बोटाने उलगडलं. “आणि हे बघा. जुन्या टाक्यांची भोकं. एक, दोन, तीन, चार रांगा. चार वेळा सैल केलाय कोट.”

“शक्य नाही. बारा वर्षं तेच माप आहे माझं.”

“मापाला सांगा ते. थांबा, इथे अस्तराच्या आत पेन्सिलीने लिहिलंय.” बाईंना मोठ्याने वाचायची सवय होती. “ही तारीख, पाऊण इंच. ही तीन वर्षांनी, अर्धा इंच. परत अर्धा. आणि ही यंदाचीच.”

यंदाची तारीख रॅव्हनसच्या दिवसाची होती.

“‘अर्धा इंच सोडला,’” बाई वाचत गेल्या. “‘पुढच्या शिंप्यास नमस्कार. अजून दीड इंच आहे, पुरवून वापरावा. गिऱ्हाइकाला सांगू नये. बटण सैल झालं होतं म्हणावं.’”

बाई थांबल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे.

“अगंबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “वाचून बसले की मी!”

ती हसली. बराच वेळ हसली, इतकी की बाईंनी मशीनवरचं कापड बाजूला करून स्टूल पुढे सरकवलं. दर दोन-तीन वर्षांनी थंडीआधी बाबा म्हणत, “कोट दे, ब्रश मारतो.” दारातून निघताना म्हणत, “जरा वळ, पाठीला दोरा लागलाय.” ती हातातल्या पुस्तकासकट वळत असे आणि ते शिवणीवरून बोटं फिरवत. दोरा कधी दिसला नव्हता, आणि तिने कधी विचारलाही नव्हता. याला पुरावा नाही, असं ती त्यांना म्हणाली होती. पुरावा त्या वेळी त्यांच्या मांडीवरून नुकताच खुंटीवर गेला होता.

“सोडू ना, ताई? अर्धा इंच?”

“पाऊण सोडा,” ती म्हणाली. “प्रकाशनानंतर जेवण आहे.”

संध्याकाळी ती कोट न्यायला गेली. बाईंनी तिला तो घातला, खांदे दाबून पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि तिला आरशाकडे वळवलं. बटण अलगद लागलं.

“कसं बसलंय?” त्यांनी विचारलं.

जिभेवर ‘हं’ येऊन उभंच होतं. ते तिने मागे सारलं.

“बटण काही सैल नव्हतं, बाबा,” ती आरशाकडे बघत मोठ्याने म्हणाली. “मीच सुटलेय. कोट सुरेख बसलाय. आणि बटाटेही छान झाले होते.”