निकालाच्या अधीन राहून

दगडबाईंच्या नेमणुकीच्या आदेशात एक ओळ होती आणि त्या ओळीने त्यांच्या घरात ठाण मांडलं होतं. सरकारी महाविद्यालयात भूगोलाच्या अधिव्याख्यात्या म्हणून त्यांची नेमणूक झाली होती खरी, पण ‘न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून’. म्हणजे शिकवा, पेपर तपासा, परीक्षेत पहारे करा, पण खुर्चीत जरा टेकल्यासारखंच बसा, कारण कधी उठवतील त्याचा नेम नाही. असं टेकून बसायला लागल्या तेव्हा त्यांची लेक शाळेत अक्षरं गिरवत होती. आता ती आईच्या साड्या नेसून बघायला लागली होती, पण निकालाचा पत्ता नव्हता.

दगडबाई हे मुलांनी ठेवलेलं नाव. बाईंचं शिक्षण भूशास्त्राचं, त्यामुळे शिकवताना खडकांच्या नमुन्यांची लाकडी पेटी कायम टेबलावर, एरवी वर्गातल्या कपाटात. नाव कानावर आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या आधीच्या मॅडमना मुलं काय म्हणायची ते त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या मानाने दगड पुष्कळच बरा.

आणि सगळं घोडं अडलं होतं ते याच दगडांपाशी. जागेची जाहिरात निघाली तेव्हा नियम असा होता की उमेदवाराची पदवी भूगोलाची हवी किंवा त्याच्या जवळच्या विषयाची. बाईंनी अर्ज केला, मुलाखत दिली, यादीत पहिल्या आल्या. तेवढ्यात वरच्या कुणा शहाण्याला उपरती झाली आणि नवा नियम निघाला, की पदवी त्याच विषयाची पाहिजे, शेजारपाजारचा चालणार नाही. झालं. यादीत दुसरा नंबर आलेला उमेदवार कोर्टात गेला. नवा नियम लावा म्हणाला, आणि जुनाच लावायचा असेल तरी दगडधोंड्यांचं शास्त्र भूगोलाच्या जवळचं कसं ते सिद्ध करा.

हा दुसऱ्या नंबरचा उमेदवार कुठे दूर देशी असता तर बाईंनी त्याला मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. पण तो पलीकडच्याच वर्गात तासाच्या मानधनावर शिकवत होता. एका मोठ्या खोलीचे मध्ये प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले होते, इकडे दगडबाई आणि तिकडे नदीसर. नद्या शिकवण्यात या गृहस्थांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलांना काही लिहायला देऊन बाई खुर्चीवर बसल्या की प्लायवूडपलीकडून उगमापासून मुखापर्यंत अख्खी नदी वाहत यायची आणि बाई ऐकत राहायच्या. शत्रू इतकं चांगलं शिकवतो याचा त्यांना फार राग यायचा.

केस लागल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप शिपायामार्फत. “त्यांना सांगा, नकाशा झाला की जागेवर ठेवा.” शिपाई चार पावलं चालून तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, जसं काही पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नव्हतं. मात्र एक गोष्ट शिपायालाही माहीत नव्हती. नदीचा धडा आला की बाईंच्या कपाटातली पेटी एका तासापुरती गायब व्हायची आणि परत यायची ती झाकणावर खडूची बोटं उमटवून. बाईंनी कधी विचारलं नाही. उलट त्या आठवड्यात कपाटाला कुलूप लावायला विसरायच्या, आणि दरवर्षी नेमक्या त्याच आठवड्यात विसरायच्या.

घरी तर त्या ओळीची थट्टाच झाली होती. लेक जेवायला बसताना म्हणायची, “आई, मला अजून एक पोळी वाढ, निकालाच्या अधीन राहून.” नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तो गिऱ्हाइकाला घड्याळ देतानाही कधीकधी तेच म्हणायचा. सगळे हसायचे आणि बाईही हसायच्या. पण भाड्याचं घर बदलायचं, निकाल लागल्यावर. कपाट घ्यायचं, निकाल लागल्यावर. बाईंच्या वडिलांचा फोटोसुद्धा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला होता, कारण घर बदलणारच आहोत तर खिळा कशाला ठोका? सासूबाई रोज त्या फोटोवरची धूळ पुसायच्या आणि म्हणायच्या, “व्याहीबुवा, थोडं थांबा हो.” नोकरी गेली तर दुसरीकडे अर्ज करायचं वयही निघून गेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कोणी बोलत नव्हतं.

शेवटच्या सुनावणीच्या दिवशी बाई सकाळीच कोर्टात निघाल्या. नवरा दुकान बंद ठेवून बरोबर आला. कोर्टातल्या मागच्या बाकावर एका टोकाला ही दोघं आणि दुसऱ्या टोकाला एकटे नदीसर बसले. नदीसरांची केस लढत होता त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. फी घेत नव्हता आणि ऐकतही नव्हता.

न्यायाधीश बुटके, कंटाळलेले, पण प्रश्न सरळ विचारणारे होते. त्यांनी पहिला मुद्दा लगेच निकालात काढला. जाहिरातीच्या दिवशी जो नियम होता तोच लागणार, मध्येच बदललेला नाही. बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले की आता उरला एवढाच प्रश्न, हे दोन विषय जवळचे आहेत की नाहीत. जवळचे असतील तर मॅडम राहतील, नसतील तर जातील.

बाईंच्या वकिलाने बरीच पुस्तकी वाक्यं वाचून दाखवली. न्यायाधीशांनी जांभई दाबली. मग मेव्हणा उठला. त्याचा आवाज मोठा होता आणि तयारी जेमतेम. भूशास्त्र म्हणजे जमिनीखालचे मेलेले दगड, असं त्याने ठणकावून सांगितलं, आणि भूगोल म्हणजे जमिनीवरचं जिवंत जग, म्हणजे माणसं, पाऊस, नद्या. “आता नदीचंच घ्या साहेब,” तो म्हणाला. “नदीला खालच्या दगडाशी काय करायचंय? पाणी आहे, उतार दिसला की वाहतं. खाली कुठलाही खडक असो, नदीला काही फरक पडत नाही.”

“पडतो.”

आवाज मागच्या बाकावरून आला होता. मेव्हण्याने मागे पाहिलं नाही, त्याला वाटलं बाईंचा नवराच बोलला. पण उभे होते नदीसर. आपण उभे राहिलोय हे त्यांना स्वतःला उशिरानेच कळलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि तोंड मात्र थांबत नव्हतं.

“कोण आहात आपण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“अर्जदार,” नदीसर म्हणाले. “पण साहेब, हे चुकीचं आहे. खडक मऊ असेल तर नदी दरी रुंद करते, कठीण असेल तर अडते, वळते, धबधबा होऊन पडते. नदीने कुठून जायचं ते खालचा खडकच ठरवतो. हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. मुलांना हातात खडक दिल्याशिवाय नदी कळतच नाही.”

मेव्हण्याने मागे येऊन त्यांचा शर्ट ओढला. नदीसर बसले नाहीत.

“हातात देता म्हणजे? आपल्याकडे आहेत खडक?” न्यायाधीश आता पुढे झुकले होते.

नदीसरांनी पहिल्यांदा बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. “नाहीत,” ते म्हणाले. “मॅडमच्या कपाटातून घेतो. न विचारता.”

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं की मग अर्जदाराच्या मते हे विषय जवळचे आहेत का. मेव्हणा ओरडला की हरकत आहे. कोणाच्या उत्तराला हरकत, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर मात्र त्याने शर्ट सोडला, कारण अर्जदार त्याचाच होता.

“मध्ये फक्त प्लायवूड आहे साहेब,” नदीसर म्हणाले आणि खाली बसले.

माणसाने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यावा, पण इतका नेम धरून? अर्ज फेटाळला गेला. नेमणूक कायम. आणि उठता उठता न्यायाधीशांनी अजून एक वाक्य लिहून घ्यायला सांगितलं, की अर्जदाराचं वय या खटल्यात गेलं, तेव्हा पुढच्या जाहिरातीला त्यांना वयाची अट लावू नये. शिक्षण खात्याच्या वकिलानेही मान डोलावली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पडला तो इतक्या जोरात की त्यांना उठताच येईना. नवरा हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि दोन्ही एकदम करणं त्याला जमत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मेव्हणा पाय आपटत पुढे निघून गेला होता. नदीसर खांबाला टेकून एकटे उभे होते. शिपाई नव्हता, त्यामुळे बाईंना स्वतःच बोलावं लागलं.

“सर, असं का केलंत?”

“केलं नाही हो, झालं,” ते म्हणाले. “समोर चुकीचं शिकवत होता तो. ऐकवेना.” मग खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तसे ते हसले. केस काढून घ्यायचं त्यांच्या केव्हापासून मनात होतं, पण मेव्हण्याचं मन कोण मोडणार, म्हणून रेटत आले होते. “सुटलो एकदाचा. आता फक्त घरी जाऊन बायकोला काय सांगायचं ते कळत नाही.”

“सांगा, नदी शिकवत होतो म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. नदीसर बिचारे घाबरले, त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने दुकानातून हातोडी आणली. घर आता खरंच बदलायचं होतं, तेव्हा खिळा ठोकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता, पण सासूबाई ऐकेनात. व्याहीबुवा फार दिवस टेकून बसलेत, म्हणाल्या. खिळा वाकडा गेला, भिंतीचा पोपडा पडला, आणि लेकीने टाळ्या वाजवल्या. जेवताना तिने पोळी मागितली ती नुसतीच मागितली.

सोमवारी बाई वर्गात गेल्या तर कपाट उघडं होतं आणि पेटी जागेवरच. नदीचा आठवडा होता. मुलांना लिहायला देऊन त्या बसल्या, या वेळी खुर्चीत पूर्ण मागे रेलून. पलीकडे उगम झाला, पाणी डोंगर उतरलं, आणि नेहमी जिथे पेटीचं झाकण वाजायचं तिथे नदीसर थांबले.

“इथून पुढचं मी आजवर उसन्या दगडांवर शिकवत आलो,” ते मुलांना म्हणाले. “ज्यांचं आहे त्यांनीच ते शिकवावं. मॅडम, येता का?”

बाईंनी पेटी उचलली आणि त्या पलीकडे गेल्या.