दात गेले तरी चालतील

आमच्या ह्यांच्या तोंडात आता एकही दात नाही. वय विचाराल, तर पन्नाशी ओलांडून फार झालं नाही. बघणाऱ्याला वाटतं, तंबाखू खात असणार. कसलंही व्यसन नाही हो माणसाला. इमारतींच्या कामावर उंच क्रेन चालवायचे, आणि त्या केबिनवर त्यांचा जेवढा जीव, तेवढा माझ्यावरही नसेल.

एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही, ही त्या लोकांची रीत. लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. तोंड सुकलं की लिंबाची गोळी चघळायची. आधी खिशात दोन-चार असायच्या, मग पुडाच न्यायला लागले. सकाळी उठायचे तेच मुळी जीभ टाळूला चिकटलेली. "अहो, तुमच्या घोरण्याने भिंतीचा रंग उडेल एक दिवस," असं मी म्हणायची. पण घोरणं परवडलं. सुट्टीच्या दुपारी हॉलमध्ये आडवे झाले की मध्येच ते थांबायचं. छाती धडपडतेय, पण वारा आत जात नाही. मग बुडणारा माणूस वर यावा तसा हिसका देऊन, तोंड आ वासून श्वास ओढायचे. तोवर इथे माझा जीव टांगणीला.

पहिली दाढ काढायला गेलो तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला, तर तो गालाला आतून चिकटला. "लाळ कुठे गेली तुमची?" त्यांनी विचारलं. मग खोदून खोदून झोपेची चौकशी केली. हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, तरी मी सगळं सांगितलं.

"लाळ दातांची राखण करते," बाई म्हणाल्या. "झोपेत ती मुळातच कमी सुटते. त्यात यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, तोंडाने ओढावा लागतो. आहे ती लाळही वाळून जाते. वर दिवसभर त्या गोड गोळ्या. दात किडतील नाही तर काय? गोळ्या बंद करा, पाणी प्या, आणि आधी झोपेची तपासणी करून घ्या. दातांचं मी बघेन, श्वासाचं माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर हे म्हणाले, "तपासणी केली की कंपनीला कळणार. मग मला वर कोण चढू देईल?"

"आणि दातांचं काय?"

"दात गेले तरी चालतील. कवळी मिळते, केबिन मिळत नाही."

मी कपाळावर हात मारला. भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंकडे एकेक दात काढून यायचे आणि दुसऱ्या दिवशी गालात बोळा धरून वर चढायचे.

आमचा जावई त्याच कामावर आहे, खाली. सळ्यांचा भारा हूकला बांधतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो, मग वरून तो उचलला जातो. एका रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. जावई हसत हसत म्हणाला, "काल बाबांनी गंमत केली. उचललेला भारा थेट माझ्या डोक्यावर लटकत ठेवला आणि वरून आवाज बंद. मी हाका मारतोय, उत्तर नाही. डुलकी लागली असणार."

लेकीला सातवा महिना. तीही हसली. हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "वॉकीटॉकी बिघडला होता." मी माझं ताट बाजूला सारलं.

ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "उद्या तुम्ही स्वतः साहेबांना सांगा. नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस. घर त्या केबिनवर चालतं."

गप्प बसले असते, तर पोरीला काय सांगणार होते मी? सोमवारी कामावरच्या ऑफिसात जाऊन सुरक्षा बघणाऱ्या साहेबांना सगळं सांगितलं, दातांपासून भाऱ्यापर्यंत. त्यांनी ह्यांना तेव्हाच खाली बोलावलं. शिडी उतरून आले, मला तिथे पाहिलं आणि शेजारून निघून गेले. ओळखसुद्धा दाखवली नाही.

तपासणीत बाईंचं म्हणणं खरं निघालं. आता नाकावर मास्क लावून झोपतात, मशीन हवा देतं, श्वास अडत नाही. पण उरलेले दात वाचले नाहीत. हेल्मेट आणि हातमोजे वाटायच्या खोलीत बसवलंय त्यांना. खिडकीतून क्रेन दिसते म्हणून खुर्ची फिरवून बसतात, असं जावई सांगतो. तोही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो. "आधी मला विचारायला हवं होतंत," म्हणतो. हे तर एक अक्षर बोलत नव्हते.

काल दुपारी कवळी काढून आडवे झाले, तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, जीव तर वाचला ना?" मी म्हटलं.

इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांनी. "कुणाचा?" म्हणाले.

"जावयाचा," मी म्हटलं.

त्यांनी मास्क चढवला, मशीनचं बटण दाबलं आणि भिंतीकडे कूस वळवली.